मागच्या बाकावरच्या मुख्याध्यापिका

बाई गेल्याची बातमी मला जेवणाच्या सुट्टीत कळली. डबा उघडून एक घास घेतला होता, तेवढ्यात शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका निवृत्त सहकाऱ्याचा निरोप आला आणि मागोमाग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. आदल्या संध्याकाळी पालघरजवळच्या माहीमला, घराच्या ओट्यावर शेजारणीशी बोलता बोलता बाई भिंतीला टेकल्या आणि पुन्हा बोलल्याच नाहीत. वय बासष्ट. मी डबा बंद केला... आणि खोटं कशाला बोलू, त्या पहिल्या क्षणी दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्याबद्दलची एक गोष्ट मोठ्या माणसांत फक्त बाईंना माहीत होती, आणि आता ती कुणालाच माहीत नव्हती. पुढच्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की वर्गात जाऊन मी मुलांवर विनाकारण ओरडलो.

त्याला आता महिना उलटून गेला. ती गोष्ट लपवून बाईंबद्दल लिहायला बसलो, तर दोन परिच्छेदांत पेन अडलं. म्हणून ती आधीच सांगून टाकतो. मी गणिताचा शिक्षक. एके वर्षी जवळजवळ दोन महिने मी वर्गाचं दार लावून शाळेला फसवत होतो, आणि ते अंगाशी आलं तेव्हा दोष एका मुलीवर ढकलून मोकळा झालो होतो. बाईंनी मला पकडलं. पकडून त्यांनी माझं जे केलं, त्यामुळे मी आज शिक्षक आहे, आणि गेल्या जूनपासून त्यांच्याच खुर्चीत प्रभारी मुख्याध्यापक म्हणून बसतो आहे.

त्यांचं नाव सुनंदा चुरी. समोर आम्ही मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे बाई. विषय मराठी, माहेर-सासर दोन्ही माहीमचं, वाडीत केळी आणि नारळ. बोईसरहून उमरोळीकडे जाताना आमची शाळा लागते, तिथे त्या वर्षानुवर्षं माहीमहून स्कूटरवर येत. स्कूटर त्या अशी चालवायच्या की आमचा शिपाई त्या फाटकातून आत येईपर्यंत घंटेला हात लावत नसे, फाटक सांभाळत उभा राहायचा. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. कुणी जीव तोडून विज्ञान प्रदर्शन उभं केलं तर ‘बरं केलंत’ एवढं म्हणायच्या आणि लगेच, ‘मागच्या खोलीतला पंखा चालू राहिलाय.’ सभा लांबवायच्या तर इतक्या की पाय बधिर व्हायचे. पहिली काही वर्षं माझं त्यांच्याशी फारसं जमलं नाही. मला चटकन राग येतो, त्यांना येतच नसे, आणि ज्याला राग येत नाही अशा माणसाचा मला जास्तच राग येतो.

एका हिवाळ्यात त्यांनी अख्ख्या स्टाफला माहीमला उकडहंडीला बोलावलं. वालाच्या शेंगा, कंद, रताळी, वांगी, सगळं मडक्यात ठासून, वर पाला दाबून मडकं उपडं ठेवलेलं, भोवती जाळ आणि तो वास... मी मूळचा सांगलीकडचा, मला हा प्रकार बोईसरला नोकरी लागल्यावरच कळला, पण खाण्यात मी इथल्यांना हार जात नाही. सगळ्यांची पोटं भरली, केळीची पानं उचलली गेली, तसं बाई म्हणाल्या, ‘आता जरा शाळेचं बोलू.’ मला वाटलंच होतं. एवढे कंद कुणी उगाच खाऊ घालत नाही.

‘यंदा पाचवीला उमरोळीतून किती मुलं आली?’ त्यांनी विचारलं. ‘सकाळी रस्त्यावर उभं राहून बघा. पिवळ्या गाड्या भरभरून इंग्रजी शाळांत चालल्यात. कारखान्यातला कामगार कामावर हिंदीत बोलतो, घरी मराठी बोलतो, पण पोराला इंग्रजीत घालतो. त्याचं काही चूक नाही. आज आपली संस्था गप्प आहे. वर्ष-दीड वर्षानं म्हणेल, सेमी-इंग्रजी करा, गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवा. आणि सांगेल मे महिन्यात, जूनपासून करा म्हणून. तेव्हा तुम्हाला तयारीला आठ दिवस मिळणार नाहीत. आत्ता वेळ आहे. म्हणून आत्ता बोलते.’

सगळे गप्प झाले. ज्यांना शाळेच्या कारभाराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, या गप्प बसण्यात काय काय होतं ते. पट, म्हणजे मुलांची संख्या, घसरला की शिक्षकांची पदं कमी होतात आणि जो उरतो तो कागदोपत्री ‘अतिरिक्त’ ठरतो. अतिरिक्त माणसाला जिथे जागा असेल तिथे पाठवतात. घरदार, मुलांच्या शाळा, बायकोची नोकरी, कुणी काही विचारत नाही. त्यापेक्षाही तो शब्द लागतो. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला एक दिवस कागद सांगतो, की तू जास्तीचा आहेस.

आमचे विज्ञानाचे देसले सर तेव्हा हात पुसत उठले. सरळ माणूस. म्हणाले, ‘मॅडम, मला नाही जमणार. आत्ताच सांगतो. माझ्या तोंडून इंग्रजी निघाली तर मुलं हसतील, आणि मुलं हसली की मला शिकवता येत नाही.’ बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत.’ मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘त्यात काय, करू की.’ मला इंग्रजी वाचलेलं कळायचं, लिहायलाही यायचं. तोंडातून मात्र एक वाक्य सलग निघत नव्हतं.

पुढच्या महिनाभरात बाई आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आल्या. कुणाला बोलावणं नाही, तक्ता नाही, फॉर्म नाही. चहा घ्यायच्या आणि एकच विचारायच्या, ‘या सगळ्यात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’ माझ्या घरी त्या रविवारी सकाळी आल्या. मी म्हणालो, ‘भीती? कशाचीच नाही.’ त्या गेल्यावर माझी बायको कपबशा उचलता उचलता म्हणाली, ‘परवा झोपेत गणिताच्या व्याख्या इंग्रजीत बडबडत होतात. ते सांगायचं होतं त्यांना.’ मी तिच्यावरही चिडलो.

मग सुरू झाला शुक्रवारचा तास. शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलांना मैदानावर सोडायचं आणि शिक्षकांनी वर्गात बाकांवर बसायचं. पहिल्या शुक्रवारी खडू घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या त्या खुद्द बाई. मराठीची बाई, पाचवीचं अपूर्णांकाचं प्रकरण, आणि तेही इंग्रजीतून! तिसऱ्या वाक्याला अडखळल्या. चौथ्याला चुकल्या. आम्ही हसलो, सगळ्यांत मोठ्यांदा मी. त्यांनी स्वतःची चूक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि पुढे गेल्या. तासाच्या शेवटी कोपऱ्यात अकरा चुका होत्या. ‘पुढच्या शुक्रवारी कोण?’ त्यांनी विचारलं. आम्ही बुटांकडे बघायला लागलो. पण हळूहळू एकेक जण उठायला लागला, कारण बाईंपेक्षा वाईट शिकवणं कुणालाच शक्य नव्हतं. मी मात्र दर वेळी काही ना काही काम काढायचो. कधी परीक्षेच्या याद्या, कधी दाढदुखी. त्या वर्षी माझी दाढ जितकी दुखली तितकी आयुष्यात दुखली नसेल.

बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. दीड वर्षानं मे महिन्यात संस्थेचं पत्र आलं, जूनपासून आठवीची एक तुकडी सेमी-इंग्रजी. शेजारच्या शाळांत रडारड झाली, आमच्याकडे मंडळी शांत होती. आठवी ब चं गणित माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मी पाठ केलेली चार वाक्यं म्हटली आणि पाचव्याला अडलो. समोर चाळीसेक मुलं. काही कामगार वसाहतीतली, काही पूर्वेच्या डोंगराकडच्या पाड्यांवरची. ती हसली नाहीत. ती माझ्याकडे काळजीने बघत होती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मी जाऊन दार लावलं आणि म्हणालो, ‘कारखान्यांचा वास येतोय.’ मग मराठीत शिकवायला लागलो. वर्गाचा जीव भांड्यात पडला, माझाही. त्या दिवसापासून तीच पद्धत झाली. पुस्तकातली इंग्रजी व्याख्या फळ्यावर उतरवायची, मुलांनी ती वहीत उतरवायची, दार लावायचं आणि मराठीत शिकवायचं. बाई फेरीवर आल्या की खिडकीशी बसणारी अश्विनी खोकायची. ती खोकली की मी पाठ केलेली वाक्यं सुरू करायचो आणि मुलं मोठ्यांदा ‘येस सर’ म्हणायची. हे मी तिला सांगितलं नव्हतं. पण थांबवलंही नव्हतं. गणितात ती वर्गात पहिली होती.

पहिली घटक चाचणी झाली. प्रश्नपत्रिका अर्थातच इंग्रजीत. अश्विनीने कोरा कागद दिला. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच झालं, पण त्यांनी काहीतरी खरडलं होतं, हिला तेही पटलं नाही. दोन दिवसांनी तिची आई आली. पाड्यावर घर, थोडी कोरडवाहू जमीन, भातकापणी झाली की कामासाठी बाहेर जाणारं कुटुंब. मुलीच्या शिक्षणासाठी त्या वर्षी ती एकटी मागे राहणार होती. बाईंच्या ऑफिसात ती खुर्चीवर बसेना, उभीच राहिली. मला बोलावलं गेलं.

‘पोर घरा बसून समदी गणितां करतं,’ ती म्हणाली. ‘शेजारच्या पोरांना पन शिकवतं. मंग पेपर कोरा कसा? तिला येत नाय, का तुमी शिकवलं नाय?’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो... मी म्हणालो, ‘मुलगी कमी पडते आहे. घरी अभ्यास घ्या.’

जिला स्वतःला अक्षर येत नाही तिला मी सांगत होतो, अभ्यास घ्या. तिने पदर सारखा केला, बाईंना नमस्कार केला आणि निघून गेली. बाईंनी पुढ्यातला कागद ओढला. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी आठवी ब मध्ये शिरलो तर बाई आधीच शेवटच्या बाकावर बसलेल्या. मी तोंड उघडायच्या आत त्या उठल्या आणि स्वतःच्या हाताने दार लावून परत बसल्या. ‘शिकवा सर,’ त्या म्हणाल्या, ‘रोज शिकवता तसं.’ मी इंग्रजी सुरू केलं. ‘नाही. रोज शिकवता तसं.’ वर्गात कुणी हलेना. अश्विनी मान खाली घालून बसली होती. मग मी मराठीत शिकवलं, समांतर रेषांचा धडा, आणि काय सांगू, तो तास चांगला झाला. संतापलेला माणूस कधीकधी चांगला शिकवतो, आणि मी स्वतःवरच संतापलो होतो.

ऑफिसात मला वाटलं आता मेमो मिळणार. बाई चिडल्या की त्यांची घरची बोली बाहेर यायची, ती त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकली. ‘देसले सर मला तोंडावर नाय म्हणाले. तुमी हो म्हणालात आणि पाठीमागं नाय केलंत. त्यांना काय द्यायचं ते मला कळतं. तुमचं काय करू?’ मग म्हणाल्या, ‘वर्गाचं नंतर बघू. त्या आईला तुमी खोटं सांगितलंत. ते आधी निस्तरा. आज.’

मी पाड्यावर गेलो. अश्विनीच्या आईला सांगितलं की मुलगी हुशार आहे, पेपरच अवघड होता, तिचा काही दोष नाही. चूक माझी होती हे वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तिने मला गुळाचा चहा दिला. परत आल्यावर बाईंनी विचारलं, ‘काय सांगितलंत?’ मी म्हणालो, ‘मुलगी हुशार आहे म्हणून.’ ‘आणि?’ मी बुटाची माती झटकत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. अश्विनी आता पालघरला नर्सिंगचं शिक्षण घेते आहे. तिच्या आईकडे उरलेलं वाक्य घेऊन मी परवाच्या रविवारी जाऊन आलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मला तवाच ठावं होतं.’

पण मी गोष्टीत फार पुढे गेलो. पाड्यावरून आलो त्याच संध्याकाळी निघताना बाई म्हणाल्या, ‘उद्यापासून प्रार्थनेच्या आधी वीस मिनिटं. आठवी ब. मला गणित शिकवा, इंग्रजीतून.’ मी म्हणालो, ‘मॅडम, चेष्टा करू नका.’ त्या म्हणाल्या, ‘चेष्टा नाही. दहावीला मी गणितात काठावर पास झाले. आठवीचंसुद्धा मला येत नाही. येणाऱ्याला शिकवून तुमचं काय होणार?’

त्या खरंच आल्या. रोज. शेवटच्या बाकावर बसायच्या, कारण पुढे बसलं तर मी त्यांच्या तोंडाकडे बघत पुटपुटेन, असं त्यांचं म्हणणं. पहिले काही दिवस मी फळ्याशी बोलायचो. मागून आवाज यायचा, ‘सर, नाय कळलं.’ मी पुन्हा सांगायचो, वेगळ्या शब्दांत, मोडक्या इंग्रजीत. ‘नाय कळलं.’ आधी मला वाटलं, बाई मुद्दाम करतात. मग एक दिवस त्यांनी फळ्यावर सोडवलेलं समीकरण मी पाहिलं आणि माझी खात्री पटली. बाईंना गणित खरोखर येत नव्हतं! दोन्ही बाजूंना सारखंच करायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मी हातातला डस्टर आपटला आणि ओरडलो, तेही इंग्रजीत. सलग तीन वाक्यं, न अडखळता, व्याकरणाचा चुथडा करून. बाई बाकावरून टक लावून माझ्याकडे बघत होत्या. ‘आता आलं बघा तोंडातून,’ त्या म्हणाल्या. मी इतका हसलो की प्रार्थनेची घंटा ऐकू आली नाही.

स्टाफरूममध्ये त्यांनी सांगितलं होतं, की पेपर तपासताना मला काही कळत नाही म्हणून मोरे सरांकडून, म्हणजे माझ्याकडून, गणित शिकते. त्यावरून सहा महिने मंडळींनी त्यांची खिल्ली उडवली. ‘मॅडम, यंदा दहावीला फॉर्म भरताय ना?’ असं कुणीतरी विचारायचं. बाई म्हणायच्या, ‘सर पास करतील असं वाटत नाही.’ माझं नाव त्यांनी एकदाही वेगळ्या कारणासाठी घेतलं नाही. सगळी थट्टा स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी शेजारी बसून पोहे खात राहिलो.

दिवाळीपर्यंत मी वर्गात मराठीतच शिकवलं, पण आता बाईंना ठाऊक असताना; दिवाळीनंतर वर्गाचं दार उघडलं. त्या वर्षी हिवाळ्यात संस्थेची माणसं आली. त्यांच्या मनात काय होतं ते बाईंना आधीच कळलं होतं. इंग्रजी शाळांतली तरुण मुलं कंत्राटावर घ्यायची आणि आम्हाला अतिरिक्त दाखवायचं. बाईंनी वाद घातला नाही. त्यांना चहासुद्धा आधी दिला नाही, थेट वर्गांत नेऊन बसवलं. माझ्या तासाला अध्यक्ष बसले. मी इंग्रजीत शिकवलं, अश्विनीने मराठीत शंका विचारली, मी ती मराठीत सोडवली आणि तिच्याकडून इंग्रजीत म्हणवून घेतली. तेव्हा माझी शिकवण्याची तीच पद्धत होती, अजूनही तीच आहे. तास संपल्यावर अध्यक्ष बाईंना म्हणाले, ‘तुम्ही यांना केव्हापासून तयार करताय?’ बाई म्हणाल्या, ‘तुम्ही पत्र पाठवायच्या दीड वर्ष आधीपासून.’ आमच्यापैकी कुणीही अतिरिक्त ठरलं नाही.

एक जण मात्र शाळा सोडून गेला. देसले सर. बाईंनी त्यांच्यावर सगळ्यांत जास्त मेहनत घेतली, माझ्या मते नको तितकी. ते शुक्रवारच्या तासाला यायचे, शेवटपर्यंत बसायचे आणि फळ्याकडे निघाले की अर्ध्यातून बाकावर परत यायचे. वर्षभर हे चाललं. ते आधीच सांगत होते आणि बाईंना ऐकू येत नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो. शेवटी बाईंनी संस्थेची डोंगराकडची एक मराठी शाळा शोधली, तिथे विज्ञानाला माणूसच नव्हता. अतिरिक्त म्हणून नव्हे, विनंती बदली म्हणून कागद करून घेतला. तरी निवृत्तीच्या दिवशी आम्ही सगळे कौतुकाची भाषणं करत असताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘एक माणूस मला राखता आला नाही.’ आणि खाली बसल्या. पुष्पगुच्छ तसेच टेबलावर राहिले.

माहीमला त्यांच्या बाराव्याला देसले सर आले होते. तीन गाड्या बदलून. केस पांढरे झालेत, पण चेहरा पूर्वीपेक्षा बरा दिसला. वाडीत केळींच्या सावलीला आम्ही दोघं उभे होतो. ते म्हणाले, ‘नव्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी बाई माझ्याबरोबर आल्या होत्या. एस.टी.त जागा नव्हती, उभ्या होत्या सगळा रस्ता. पोरांना वाटलं, नवीन बाई त्याच. मला वाटलं होतं मला सोडायला आल्यात, तर माझ्या पहिल्या तासाला मागे बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, “बरं केलंत.”’ आयुष्यभर त्या शब्दांचा मला राग यायचा.

मागच्या आठवड्यातली एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. या वर्षीपासून मूल्यमापनाच्या सगळ्या नोंदी संगणकावर भरायच्या आहेत, प्रत्येक शिक्षकाने स्वतः. आमच्या मराठीच्या पिंपळेबाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यांच्या नोंदी सगळ्यांच्या आधी आणि बिनचूक येत होत्या. मी स्टाफसमोर त्यांचं कौतुकही केलं. मग कळलं की त्या पासवर्ड मुलाला देतात आणि मुलगा पुण्याहून सगळं भरतो. एका मुलीच्या नोंदी दुसरीच्या नावावर गेल्या आणि आईवडील भांडायला आले. पिंपळेबाई त्यांना म्हणाल्या, ‘मुलीनेच वहीवर नाव चुकीचं लिहिलं असेल.’ मी तिथेच उभा होतो.

बाईंनी केलं तसं करावं, असं वाटलं. पण ते जमणार नव्हतं. बाईंना गणित येत नव्हतं. मला संगणक येतो. ‘मला शिकवा’ म्हटलं असतं तर ते नाटक झालं असतं आणि पिंपळेबाईंनी ते ओळखलं असतं. दोन दिवस मी मेमोचा कागद खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी त्यांना आठवी ब मध्ये बोलावलं, दार उघडं ठेवलं आणि दार लावून शिकवण्याची माझी सगळी हकिगत त्यांना सांगितली. अश्विनीचं खोकणं, कोरा कागद, ‘मुलगी कमी पडते’... सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो, माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. पिंपळेबाईंच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

‘सर,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘हे कुणाला कळलं तर?’

‘कळू दे,’ मी म्हणालो. ‘मी लिहिणार आहे.’

त्यांनी डोळे टिपले. मग पर्समधून चष्मा काढला, टेबलावरचा शाळेचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि कितीतरी वेळ पासवर्डच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिल्या. एक बोट पुढे केलं, मागे घेतलं.

‘काल पासवर्ड बदलला,’ त्या म्हणाल्या. ‘मुलालाही नाही सांगितला. तुम्ही जरा तिकडे बघा.’

मी तोंड फिरवलं. समोर शेवटचा बाक होता. मागून एकेक अक्षर दाबल्याचा आवाज येत होता, फार सावकाश, आणि मी मागे वळून बघितलं नाही.